काटेरी कालवाची दोन लेबलं

आमच्या प्रभादेवीच्या घरात एक शोकेस आहे. तिच्या वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकचा ताजमहाल, कॅरममध्ये मिळालेली माझी एकुलती एक ढाल आणि काकांनी आणलेला काटेरी शिंपला, ही मंडळी गेली पन्नासेक वर्षं गुण्यागोविंदाने नांदताहेत. शिंपला मुठीएवढा, विटकरी-केशरी आणि अंगभर काटे, काही तर बोटाच्या पेरापेक्षा लांब. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. शिंपल्याच्या काळजीपोटी नव्हे. एकदा ताईच्या तळहातात त्याचा काटा मोडला होता म्हणून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईला ताईची मुलगी मदतीला आली. ती तेव्हा प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होती. स्टुलावर उभी राहून शोकेस पुसता पुसता तिचा हात थांबला.

“मामा, हा कुठला?”

“काकांचा.”

“अरे, काकांचा ते माहितीये. कुठल्या समुद्रातला?”

ते मला सांगता येईना. काका गोदीत मालाच्या नोंदी ठेवायचे. देशोदेशीच्या बोटींवरच्या खलाशांशी त्यांची ओळख. कुणी साबणाच्या वड्या द्यायचं, कुणी बिस्किटांचा डबा, तसा कुणीतरी हा शिंपला दिलेला. काकांना जाऊन तीस वर्षं होत आली. आता विचारायचं कुणाला?

“मग शोभेचाच हा,” म्हणून तिने तो पुसून जागेवर ठेवला. मला ते जरा लागलं.

मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आमचा कारखाना पाण्याचे आणि वाफेचे व्हॉल्व्ह बनवायचा, म्हणजे जन्मभर मी झडपाच काढल्या. शिंपल्याच्या एकेका अर्ध्या भागालाही इंग्रजीत व्हॉल्व्ह म्हणतात हे भाचीकडून कळलं तेव्हा मला हसू आलं. मराठी शास्त्रीय पुस्तकांत त्याला ‘पुट’ म्हणतात आणि अशा प्राण्यांना ‘द्विपुट’. मी मात्र झडपच म्हणणार. झडपेला बिजागरी असते, आणि या प्राण्याची सगळी मेख बिजागरीतच आहे, हे पुढे कळायचं होतं.

तर मी हट्टाला पेटलो. शिंपल्याचं नाव काढायचं. वाटलं होतं, आठवड्याभराचं काम आहे.

मोबाइलवर फोटो टाकला तर एका ठिकाणी उत्तर आलं स्पाँडिलस, दुसरीकडे कामा. दोन्ही खडकाला कायमची चिकटून राहणारी, दोन्ही खडबडीत, काटेरी, पापुद्रेवाली. भाचीने फोनवर सांगितलं, “काट्यांवर जाऊ नकोस. आतून बघ. स्नायूची खूण एक की दोन?” दोन्ही झडपा घट्ट मिटून धरणाऱ्या स्नायूचा ठसा आतल्या बाजूला उमटलेला असतो. कामाला असे ठसे दोन, पुढे एक आणि मागे एक. स्पाँडिलसला एकच, मोठा, गोलसर. काकांचा शिंपला पन्नास वर्षं मिटलेलाच होता. तो उघडेना, म्हणून आधी साफ करू म्हटलं आणि मी तो गाढवपणा केला. नळावरचे पांढरे डाग घालवायचं जे द्रावण घरात होतं त्यात त्याला बुडवला. फसफस झाली. मला वाटलं मळ निघतोय. पाच मिनिटांनी बाहेर काढला तेव्हा बऱ्याच काट्यांची टोकं विरघळून बोथट झाली होती. शिंपला म्हणजे चुना, नळावरचे डाग म्हणजेही चुनाच. द्रावणाला काय फरक कळणार! भाचीला हे मी चार महिने सांगितलं नव्हतं.

कोमट पाण्यात ठेवून, हळूहळू हलवून तो शेवटी किंचित उघडला. किंचितच. पूर्ण काही केल्या उघडेना. आणि तिथेच उत्तर होतं. टॉर्च मारून पाहिलं तर बिजागरीपाशी एका झडपेचे दोन जाड दात दुसरीच्या खाचांत बसलेले, आणि दुसरीचे दोन दात पहिलीच्या खाचांत. बसलेले म्हणजे नुसते टेकलेले नव्हेत, आकडा अडकावा तसे अडकलेले. बॉल-सॉकेट जॉइंटच. झडपा उघडमीट करतील, पण सुट्या करायच्या तर दात तोडावे लागतील. असा जॉइंट मी कागदावर काढला असता तर आमच्या वर्कशॉपने ‘जोडायचा कसा?’ असं लिहून ड्रॉइंग परत पाठवलं असतं. प्राण्याला तो प्रश्न पडत नाही. दोन्ही झडपा एकमेकींत अडकूनच लहानाच्या मोठ्या होतात.

ठसा एकच होता. म्हणजे स्पाँडिलस.

या वंशाला हे नाव लिनियसने १७५८ साली दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मणका. लिनियसने त्यात घातलेल्या भूमध्य समुद्रातल्या एका जातीचं नाव आहे गेडेरोपस, म्हणजे गाढवाचा पाय. इंग्रजीत या सगळ्यांना काटेरी ऑयस्टर म्हणतात, पण आपल्या कालवांशी यांचं नातं लांबचं. जवळचं नातं आहे पंख्यासारख्या दिसणाऱ्या स्कॅलपशी. स्कॅलपसारखेच यांनाही प्रावाराच्या, म्हणजे अंगावरच्या मऊ आवरणाच्या, काठावर ओळीने बारीक डोळे असतात. खडकाला जन्मभर चिकटलेल्या जिवाला इतके डोळे कशाला, असं आमच्या हिने विचारलं. “येणारं-जाणारं दिसायला,” मी म्हटलं. आमच्या चाळीच्या गॅलरीत बसणाऱ्या आजोबांसारखं.

वंश कळला. जात? तिथे गाडी अडली. तशी ‘जात’ या शब्दाचीही गंमत आहे. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. हल्लीच्या बातम्यांत प्रजाती म्हणजे स्पीशीज. मी आपला वंश आणि जात म्हणतो, निदान घोळ होत नाही.

“या शिंपल्याचं काही होणार नाही,” भाची म्हणाली. “ठिकाण नाही, तारीख नाही, आतला प्राणी नाही. पण मुंबईच्या समुद्रातला एखादा मिळाला तर त्याचं नीट वर्णन करू. चित्रं तू काढ.”

म्हणून आम्ही ओहोट्या धुंडाळायला लागलो. माझे आजोबा भरतीची वेळ तिथीवरून सांगायचे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती; तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला मोठी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास येते. हिवाळ्यातल्या चार उधाणांना पहाटे उठून बँडस्टँडच्या काळ्या खडकांवर वाकून फिरलो. कालवं पुष्कळ, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे बारीक कवचवाले जीव), समुद्रफुलं, खेकडे, एकदा एक छोटा ऑक्टोपसही. काटेरी काही नाही. पाचव्या खेपेला मी घसरून गुडघा फोडून घेतला आणि ते प्रकरण तिथे संपलं.

मग ससून डॉक. १८७५ सालचा हा धक्का आमच्या घरापासून एका बसवर आहे, पण पहाटे पाचला तिथे मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा गेलो. कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगेत एका मावशींना फोटो दाखवला. त्यांनी हात पदराला पुसून मोबाइल धरला.

“हा येतो कधी कधी दगडाबरोबर. आम्ही फेकतो. खायला काय करनार, दादा? फोडेपर्यंत दुपार व्हायची.”

“फेकू नका. माझ्यासाठी ठेवा.”

“काय देशील?”

ठरलेली रक्कम सांगत नाही, ही हे वाचते.

अडीच महिन्यांनी मावशींच्या मुलाचा फोन आला. गेलो तर बर्फाच्या पेटीत, पापलेटांच्या शेजारी, नारळाएवढा एक ढेकूळ होता. त्यात शिंपला कुठे, दगड कुठे, ते मला आधी कळेचना. वर हिरवट-तपकिरी स्पंज, किड्यांच्या चुनखडी नळ्या, बार्नॅकल. काकांच्या शिंपल्याशेजारी हा म्हणजे नवरदेवाशेजारी हमाल. पण भाचीचे डोळे चमकले. तिने आधी खालचा दगड तपासला. प्रवाळ असतं तर आम्ही हातही लावला नसता. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं सगळ्यात वरचं संरक्षण आहे, आणि २००१ पासून काही शंख-शिंपलेही त्या याद्यांत आहेत. दगड दगडच निघाला, आणि आमचं प्रकरण कुठल्या यादीत नव्हतं. मग तिने मावशींच्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, “कुठे मिळाला?”

“बाहेर.”

कोळ्यांच्या बोलण्यात ‘बाहेर’ म्हणजे अर्धा अरबी समुद्र. आम्ही तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, गाठलं. तो जाळं शिवत बसला होता आणि आमच्यावर तसा वैतागलेलाच होता. पण बोलता बोलता म्हणाला की तिथे खालून खडप लागलं, जाळं टरकावलं, चाळीस हजारांना बांबू लागला. परत तिकडे जाळं जाऊ नये म्हणून त्याने जीपीएसवर खूण करून ठेवली होती. पंचवीस वाव पाणी. एक वाव म्हणजे सहा फूट, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर. अक्षांश-रेखांश त्याने मशिनवरून वाचून दाखवले, भाचीने हातावर लिहून घेतले. त्याचं जाळं फाटलं नसतं तर आमचा नमुनाही ‘बाहेर’चाच राहिला असता.

त्या दिवशी आम्ही टॅक्सी केली. खिडक्या उघड्या ठेवायला ड्रायव्हरने सांगितलं.

भाचीने प्राणी कॉलेजमध्ये उघडला, मी शेजारी. प्रावाराच्या काठाला बारीक काळपट ठिपके ओळीने होते. ते डोळे. बर्फात दोन दिवस राहून निस्तेज झालेले, तरी मी नजर वळवली. मांसाचा छोटा तुकडा तिने अल्कोहोलमध्ये टाकला. फॉर्मालिनमध्ये का नाही, तर त्याने आकार टिकतो पण डीएनए खराब होतो. वरचे स्पंज, नळ्या, बार्नॅकल वेगवेगळ्या बाटल्यांत गेले. मी म्हटलं, हा सगळा कचरा कशाला? ती म्हणाली, कचरा नाही, पांघरूण आहे. काट्यांमध्ये असं रान माजलं की शिंपला दगडासारखाच दिसतो. शिकाऱ्याला सापडत नाही. काट्यांचा एक मोठा उपयोग तोच मानतात. काकांचा शिंपला असा लखलखीत होता कारण कुणीतरी त्याचं पांघरूण खरवडून काढलं होतं.

त्यानंतरचे पाच महिने माझे.

पहिल्याच दिवशी अडलो ते डाव्या-उजव्यावर. वर्णनात ‘वरची झडप’ चालत नाही, कारण खडकाच्या कपारीला उलटा लटकलेला असेल तर वर काय आणि खाली काय? डावी की उजवी ते लिहावं लागतं. रीत अशी: बिजागरी आकाशाकडे, प्राण्याची पुढची बाजू आपल्यापासून लांब, डाव्या हाताला येते ती डावी झडप. पण याला तोंड कुठे नि पाठ कुठे, हे शिंपल्यावरून कसं कळणार? स्नायूच्या ठशावरून. तो एकुलता ठसा मधोमध नसतो, मागच्या बाजूला सरकलेला असतो. झडप आतून बघताना बिजागरी वर धरली आणि ठसा मधल्या रेषेच्या उजवीकडे आला तर ती उजवी झडप. स्पाँडिलस नेहमी उजव्या झडपेने खडकाला चिकटतो. कामा बहुधा डावीने. हे एवढं डोक्यात बसायला मला दोन संध्याकाळी आणि एक केळ्याचं साल लागलं. सालाचं काय केलं ते विचारू नका.

मग मापं. माझा व्हर्नियर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजतो, त्याचा मला अभिमान. उंची मोजली: काट्यांसकट ७४ मिलिमीटर, काट्यांशिवाय ६१.४. कुठली लिहायची? भाची म्हणाली, काट्यांशिवायची, आणि तसं स्पष्ट लिही. एक काटा मोडला की माप बदलतं, ते माप कसलं?

फासळ्या मोजणं त्याहून वाईट. झडपेवर बिजागरीपासून काठापर्यंत पंख्यासारख्या उभ्या रेघा उठलेल्या असतात. काही ठसठशीत, त्यांच्यावर मोठे काटे. त्यांच्या मधल्या बारीक, त्यांच्यावर बारीक काटे. त्यांच्याही मध्ये आणखी बारीक. ठसठशीत फासळ्या मी पहिल्यांदा मोजल्या त्या सहा. दुसऱ्यांदा सात. हिने मोजल्या आठ. मोठी कशाला म्हणायचं, ते आधी ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. शेवटी आम्ही ठरवलं: जी फासळी थेट बिजागरीजवळच्या टोकापासून सुरू होते ती पहिल्या दर्जाची, मध्येच जन्मलेली दुसऱ्या. तशा सहा भरल्या. कारखान्यात आम्ही याला डेटम म्हणायचो. कुठून मोजायचं ते आधी सांग, मग किती ते सांग.

काटे मात्र काढायला मजा आली. भिंगाखाली पाहिलं तर काटा भरीव सुळका नव्हे, गुंडाळलेल्या पन्हळीसारखा. प्रावाराची कड घडी घालून पुढे येते आणि स्वतःभोवती चुना ओतत जाते, म्हणून एका बाजूला शिवण राहते. काही काट्यांची टोकं चमच्यासारखी पसरट होती. खालची, म्हणजे उजवी झडप खोलगट. चिकटलेल्या जागी काटे नाहीतच, तिथे दगडाचा उंचसखलपणा जसाच्या तसा उतरलेला. तो मी काढला नव्हता. मला वाटलं, तो दगडाचा आकार, शिंपल्याचा नव्हे. भाचीने चित्र परत पाठवलं.

चित्रांची रीत ठरलेली असते: उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून, सावली रेघांनी नव्हे तर ठिपक्यांनी, शेजारी मोजपट्टी. निवृत्तीनंतर गुंडाळून ठेवलेले रॉट्रिंग पेन काढले, शाई सुकलेली, रात्रभर पाण्यात ठेवून सोडवले. दोन झडपा, बाहेरून आणि आतून, बाजूने एक, बिजागरीचं मोठं करून एक. सहा चित्रांना सात आठवडे. फोटो का नाही, असं शेजारचे जोशी रोज विचारायचे. फोटोत मोडका काटाही येतो आणि चिकटलेला धागाही येतो. चित्रात काय ठेवायचं ते ठरवावं लागतं, आणि ठरवायचं म्हटलं की बघावं लागतं. बिजागरीचा एक दात दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा आहे, हे मला चित्र काढताना तिसऱ्या आठवड्यात दिसलं. तोवर मी तो शंभरदा पाहिला होता.

वर्णन आधी मी मराठीत लिहिलं. इंग्रजी तिचं काम. पहिला मसुदा असा सुरू होत होता: ‘अस्ताच्या सूर्यासारखा केशरी, अत्यंत सुंदर शिंपला.’ तिने दोन्ही विशेषणांवर काट मारली. सूर्य कुठल्या महिन्यातला, तिने विचारलं. शेवटी राहिलं ते असं: ‘शिंपला मध्यम आकाराचा, उंची लांबीहून किंचित अधिक. उजवी झडप खोल, चिकटलेली, डावी उथळ. पहिल्या दर्जाच्या फासळ्या सहा. काटे पन्हळीसारखे, टोकं काही ठिकाणी पसरट. कान लहान, असमान. काठ आतून दातेरी.’ (कान म्हणजे बिजागरीच्या दोन्ही अंगांचे चपटे कोपरे.) क्रियापदं जवळजवळ नाहीत. मला हे आवडायला लागलं. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या सूचना अशाच असायच्या.

मग जुळवाजुळव, आणि इथे काट्यांनी खरा छळ मांडला. संथ पाण्यात वाढलेल्या शिंपल्याचे काटे लांब राहतात, लाटांत वाढलेल्याचे झिजतात, दाटीत वाढलेल्याचा आकारच वेडावाकडा होतो. एकाच जातीचे दोन भाऊ शेजारी ठेवले तर परके वाटतील. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संग्राहकांनी याच काट्यांवर, याच रंगांवर नावांचा पाऊस पाडला. लव्हेल रीव्ह याने १८५६ मध्ये स्पाँडिलसवर एक मोठा सचित्र भाग काढला. चित्रं धाकट्या सॉवर्बीची, हाताने रंगवलेली. स्कॅन केलेली ती पानं मी रात्ररात्र बघत बसायचो. माणसाचा हात काय होता! पण मजकुरात कितीतरी ठिकाणी प्राणी कुठला या रकान्यात नुसती रेघ आणि प्रश्नचिन्ह. शिंपले व्यापाऱ्यांकडून, खलाशांकडून, लिलावातून आलेले. आमच्या काकांसारखे काका लंडनमध्येही होते तर.

ह्यू कमिंग नावाच्या प्रचंड संग्राहकाचे शंख-शिंपले ब्रिटिश म्युझियमने १८६६ मध्ये विकत घेतले. त्यांची एक गोष्ट सांगतात: ट्रे उघडेच अंगणातून नेताना वारा आला आणि चिठ्ठ्या उडाल्या. खरी असो नसो, ती वाचल्यापासून मी आमच्या नमुन्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. आत एक, बाहेर एक.

आपल्या किनाऱ्याचं जुनं काम कमी नाही. मेल्व्हिल आणि अॅबरक्रॉम्बी यांची मुंबईच्या मृदुकाय प्राण्यांवरची यादी १८९३ ची, छापली मँचेस्टरला. म्हणजे गिरणगावाच्या काळात आपला कापूसच नव्हे, शिंपलेही मँचेस्टरला जात होते. भाचीने मला एक सावधगिरी शिकवली. जुन्या संग्रहातल्या चिठ्ठीवर ‘बॉम्बे’ लिहिलं असलं तरी ते मुंबईत सापडलं असं समजायचं नाही. मुंबईत विकत घेतलेलं असेल, मुंबईहून बोटीवर चढलेलं असेल. असा एक नमुना आम्ही एका कपाटात पाहिला. देखणा, काट्यांनी भरलेला. ‘बॉम्बे’. तारीख नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला आमची शोकेस आठवली.

डीएनएची कथा थोडक्यात. तुकडा दिला, पैसे भरले, सहा आठवड्यांनी उत्तर आलं. उत्तर बार्नॅकलचं होतं. नमुना घेताना कुठेतरी पांघरुणाचा कण आत गेला असणार. दुसऱ्या खेपेला काहीच आलं नाही. तिसऱ्या खेपेचे पैसे नव्हते.

दरम्यान मावशींनी आणखी दोन दिले, दोन्ही झिजलेले. एकाचं ठिकाण कळलं, एकाचं नाही. मला मनातून वाटत होतं की ही नवी जात आहे. खोटं कशाला बोलू, नावही ठरवलं होतं. प्राण्याला नाव द्यायचे नियम मी परीक्षेला बसल्यासारखे वाचले: एक नमुना मूळ नमुना म्हणून ठरवून कायमचा सार्वजनिक संग्रहात ठेवायचा, जवळच्या जातींहून वेगळेपण शब्दांत सांगायचं, आणि तेच नाव आधी कुणी वापरलेलं नसावं. वनस्पतींसाठी २०११ अखेरपर्यंत लॅटिन वर्णन लागायचं, नंतर इंग्रजीही चालू लागलं. प्राण्यांना ती सक्ती नाही. वर २००२ चा जैवविविधता कायदा. त्यानुसार नवी जात सापडली तर ते सरकारने नेमलेल्या संस्थेला कळवावं लागतं.

भाचीने एका तज्ज्ञ बाईंना सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. चित्रं उत्तम आहेत. नमुने किती? लहान वयाचा एखादा आहे का? ज्या दोन जातींशी हे जुळतं, त्यांचे मूळ नमुने तुम्ही पाहिलेत का?

तीन. नाही. नाही.

आम्ही दोघे माझ्या टेबलापाशी बसलो. ती म्हणाली, ‘सी. एफ.’ लिहू या, म्हणजे अमुक जातीशी ताडून पाहा. पण ताडायला एक नाव निवडावं लागतं, आणि आमच्याकडे दोन होती, दोन्ही सारखीच जवळ आणि सारखीच लांब. तासभर वाद झाला. हिने मध्ये दोनदा चहा दिला. शेवटी ठरलं: स्पाँडिलस, पुढे जातीच्या जागी काही नाही. रोज पेपरात कुणीतरी नवी प्रजाती शोधत असतं. त्यातल्या काही पुढच्या पिढीला गुपचूप खोडाव्या लागतात. रीव्हच्या पानांवरच्या कितीतरी नावांचं तेच झालंय. मला माझं नाव त्या रांगेत नको होतं. तरी वाईट वाटलंच, दोन दिवस जेवण गेलं नाही.

नमुना, तीन बाटल्या आणि सहा चित्रांच्या प्रती एका संग्रहात जमा झाल्या. रजिस्टरमध्ये नंबर पडला. चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे, ड्रॉइंगवर लिहायचो तशी उभी, सुटी अक्षरं: स्पाँडिलस, जात अनिश्चित, अरबी समुद्र, मुंबईच्या पश्चिमेला, अक्षांश, रेखांश, खोली सुमारे ४५ मीटर, खडकाळ तळ, ट्रॉलरच्या जाळ्यात, तारीख. गोळा करणारा या रकान्यात मी तांडेलाचं नाव घातलं. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, “जाळ्याचे पैसे पण लिवा मग.”

घरी आल्यावर एक कोरी चिठ्ठी उरली होती. काकांचा शिंपला शोकेसमधून काढला, पुसला, आणि त्याच पेनाने लिहिलं: स्पाँडिलस. ठिकाण, रेघ, प्रश्नचिन्ह. मिळाला: मुंबई गोदी, एका खलाशाकडून, १९७० च्या आसपास. काट्यांची टोकं द्रावणाने झिजलेली, चूक माझी. भाऊबीजेला ताई आली तेव्हा तिने चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

“आणि माझ्या हातात मोडलेला काटा?” ती म्हणाली. “तो नाही लिहिलास.”

लिहिला.